निपाणीची वखार आणि पालथं कार्ड

कोगनोळीचा नाका मागे पडला आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं गोल, कानडी झाली. ऊस तोच, माती तीच, बसमधल्या बाईच्या मांडीवरची कोथिंबिरीची जुडीही कागलच्या बाजारातली. फक्त अक्षरं बदलली. मी खिडकीला नाक लावून बसले होते. वडील इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहितात. त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, त्यामुळे अन्याय हा शब्द मला आंब्याच्या आधी लिहिता येत होता. सीमाभागाबद्दलही मी पत्रकांतूनच वाचलं होतं. नाका ओलांडला की प्रत्येक चेहऱ्यावर धग दिसेल, असं मी धरून चालले होते. पण शेजारची बाई म्हणाली, "पाय जरा आत घे गं, कोथमिर चिरडतीया."

कोल्हापूरला मी छायाचित्रणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. निपाणीतली एक तंबाखूची वखार (तंबाखू चाळून, प्रत लावून साठवायचं गोदाम) दिवाळीनंतर कायमची बंद होणार, हे वर्गातल्या एका मैत्रिणीकडून कळलं. ती निपाणीची. तिथल्या बायकांचा कामाचा शेवटचा दिवस टिपायचा, असं ठरवून मी कॉलेजचा कॅमेरा आणि दोन कार्डं घेऊन निघाले. निपाणीच्या स्टँडवर उतरल्यावर पिशवी चाचपली आणि लक्षात आलं, की कार्ड लॅपटॉपला जोडायचा रीडर घरीच टेबलावर राहिला. कॅमेऱ्याचं केबलचं भोक तर कधीपासून खिळखिळं आहे. म्हणजे आज काढलेले फोटो आज उतरवून घेता येणार नव्हते. ठीक आहे, उद्या बेळगावात रीडर घेऊ, असं म्हणून मी चालू लागले.

वखारीच्या दारातच मला शिंक आली. मग दुसरी, मग मोजणं सोडलं. आत छपराच्या काचेतून उन्हाचे तिरपे पट्टे उतरले होते आणि त्या पट्ट्यांत तंबाखूची धूळ सोनेरी होऊन तरंगत होती. तोंडाला फडकी बांधलेल्या पंधरा-सोळा बायका दोन रांगांत बसून चाळण्या हलवत होत्या. माझी शिंक ऐकून रांग थांबली आणि फडक्यांच्या आडून हसू फुटलं.

"पाव्हणीला जर्दा चढला बघा!" टोकाला बसलेली एक उंच, हाडकुळी बाई म्हणाली. त्या हौसाक्का. रांगेचा कारभार त्यांच्या हातात आहे, हे पाच मिनिटांत समजलं.

मी शिंकत शिंकतच कामाला लागले. पहिले तीन फोटो मला हवे तसेच मिळाले: भेगाळलेले, तपकिरी रंग बसलेले दोन हात, मागे अंधार. पत्रकाच्या पहिल्या पानावर शोभतील असे. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पुन्हा पुन्हा बघत होते, तेवढ्यात हौसाक्कांनी विचारलं, "काय गं, फोटू काढून नेणार आणि परत तोंड दाखवणार न्हाईस, व्हय न्हवं?"

"असं का म्हणता, आक्का?"

"पेपरवालं आलतं. कालेजातली पोरं आलती. एकजण तर शिडी लावून वर चढलाता. सगळी म्हणाली, देतो आणून. अजून वाट बघतोय."

"मी तशी नाही," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. "आठवडाभरात कागदावर छापून तुमच्या हातात देईन. नाही दिले तर माझं नाव बदला."

"नाव काय हाय?"

"मुक्ता."

"बरं. बदलून काय ठेवायचं त्ये बघतो आमी," हौसाक्का म्हणाल्या आणि सगळी रांग पुन्हा हसली.

दिवसभर मी त्यांच्या भोवती फिरले. चाळणीची लय, पोत्यांच्या थप्प्या, पाण्याच्या माठाभोवतीचा घोळका. संध्याकाळी चारला मालकाच्या माणसानं येऊन, "झालं, आता थांबवा," एवढंच सांगितलं. चाळण्या थांबल्या. एका बाईनं आपल्या चाळणीचा काठ पदरानं पुसला आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. मग हौसाक्का उठल्या.

"आता आमचा सगळ्यांचा एक काढ. नीट बसून."

मला तो फोटो नको होता. शाळेच्या वर्गाचा असतो तसा, सगळ्या समोर बघणाऱ्या, ताठ. आमच्या सरांनी अशा फोटोला वर्षभर नावं ठेवली आहेत. पण बायकांनी फडकी सोडली, एकमेकींच्या कपाळावरची धूळ पुसली, पदर सारखे केले आणि रोज ज्या जागी बसत त्याच जागी बसल्या. मी एक काढला, "आणि एक," म्हणाल्या तेव्हा दुसरा काढला. त्या दिवसाचे ते शेवटचे दोन फोटो.

मुक्काम मैत्रिणीच्या घरी होता. मैत्रीण कोल्हापुरातच होती. घरी तिची आई, शांताक्का. जैन शेतकऱ्याचं घर, दिवस मावळायच्या आत जेवण. फोटो काढणाऱ्या माणसाला दिवसातला सगळ्यात गोड उजेड मिळतो तो नेमका तेव्हाच, त्यामुळे मी धावतपळत पोचले तरी मनानं अंगणातच होते. दारात सँडल काढताना एक उलटी पडली. शांताक्कांनी बोलता बोलता पायाच्या अंगठ्यानं ती सरळ केली.

"उलटं पायताण दारात नसावं. भांडणं लागत्यात. चल, हात धू. दिवस जातोय."

मी पिशवी कोपऱ्यातल्या टेबलावर टाकली. पण एक काम आधी करायचं होतं. कॉलेजात पहिल्या वर्षी मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. कार्डांची छोटी डबी असते. रिकामं कार्ड त्यात नाव वर करून ठेवायचं, आणि भरलेलं कार्ड पालथं, म्हणजे पितळी पट्ट्या वर. पालथं कार्ड लॅपटॉपवर आणि वेगळ्या डिस्कवर, असं दोन ठिकाणी उतरल्याशिवाय पुसायचं नाही. कॅमेऱ्यातून भरलेलं कार्ड काढलं, डबीत पालथं ठेवलं, आणि "अगं ये की!" अशी हाक आल्यावर डबी तशीच उघडी टाकून आत गेले.

स्वयंपाकघरात मांडणीवर घासलेली भांडी ओळीनं पालथी घातलेली होती. पश्चिमेच्या खिडकीतून त्यांच्या बुडांवर ऊन पडलं होतं. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी आणि वाडगाभर ताक. शांताक्का मध्येच दाराशी आलेल्या गड्याशी कानडीत बोलायच्या आणि वाक्य संपायच्या आत माझ्याशी मराठीत. मी त्यांना सीमाप्रश्नावर काहीतरी धारदार विचारलं. त्या म्हणाल्या, "त्ये खरं हाय. माझ्या पोरीला मराठीतनं पुढचं शिक्षण हितं मिळंना, म्हणून तर कोल्हापूरला धाडली. तू भाकरी घे."

एवढंच. पण त्या एका वाक्यात आमच्या चार पानी पत्रकाएवढं होतं, असं मला वाटलं.

सकाळी उठले तर माझी पिशवी कुणीतरी नीट लावून ठेवली होती. चार्जरची वायर गुंडाळलेली, लेन्सचं फडकं घडी केलेलं, डबी बंद. शांताक्कांना नमस्कार करून मी बेळगावची बस पकडली.

रीडर विकणारी दुकानं दहाशिवाय उघडत नाहीत, म्हणून मी शहरात न थांबता जवळच्या येळ्ळूर गावी गेले. भाताची कापणी झालेली होती. शिवारात गंज्या उभ्या होत्या, खळ्यावर मळणी चालू होती आणि बासमतीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. घरांच्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या पुसट झालेल्या घोषणा दिसत होत्या. त्या मी वाचल्या आणि माझी छाती उगीचच फुगली. उजेड उत्तम होता. मी डबी उघडली, नाव वर असलेलं कार्ड उचललं, कॅमेऱ्यात घातलं आणि नव्या कामाआधी नेहमी करते तसं ते साफ केलं. दोन बटणं. हाताला इतकी सवय आहे, की डोळ्यांना विचारावं लागत नाही. मग गंजीचे तीन फोटो काढले.

डबी बंद करताना खाली बघितलं. उरलेलं कार्डही नाव वर करूनच होतं.

दोन्ही सुलटी. एक पालथं असायला हवं होतं.

मी ते दुसरं कार्ड कॅमेऱ्यात घातलं. पडद्यावर आलं: एकही फोटो नाही. म्हणजे साफ केलं ते वखारीचं. वखारीला काल संध्याकाळी कुलूप लागलं होतं. त्या रांगा पुन्हा बसणार नव्हत्या. आणि मी, "मी तशी नाही," असं आवाज चढवून सांगितलेली मुक्ता, त्या शिडीवाल्यापेक्षाही वाईट ठरले होते. त्यानं निदान फोटो स्वतःजवळ तरी ठेवले.

मी बांधावर बसले. कसं झालं हे कळायला वेळ लागला नाही. पायाच्या अंगठ्यानं सरळ केलेली सँडल आठवली. शांताक्कांनी पिशवी लावताना डबीत एक कार्ड पालथं पडलेलं बघितलं आणि सुलटं केलं. राग आला, आधी त्यांचा आणि मग माझा. दोन ठिकाणी उतरल्याशिवाय पुसायचं नाही, ही शिस्त मोठी. पण ते कार्ड कुठलं हे ओळखायची खूण फक्त माझ्या डोक्यात होती. कार्डावर साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती. पत्रकाखाली जबाबदार व्यक्तीचं नाव छापलेलं असावं, असं आमचे वडील म्हणतात. या पत्रकाखाली माझंच नाव होतं.

"काय झालं गं बाळ? साप बिप बघितलास काय?" खळ्यावरून एक आप्पा हाकारत आले. डोक्याला टॉवेल, अंगभर भुसा.

मी रडत रडत सांगितलं. त्यांना कार्ड वगैरे फारसं समजलं नसावं, पण 'फोटो पुसले' एवढं समजलं.

"आमच्या पुतणीच्या लग्नाचं फोटू असंच गेलतं. कार्डावर पोरांनी गेम घातलीती. शहापुरात भरमाण्णा हाय, त्यानं परत काढून दिलं. लई खटपट्या माणूस. जा तिकडं. आणि त्या यंत्राला आता हात लावू नको, असं त्यो म्हणतोय बघ."

बेळगावच्या शहापूर भागात एका बोळात भरमाण्णाचा स्टुडिओ सापडला. बाहेर पाटीवर कानडी मोठं, मराठी खाली बारीक. एरवी मी त्या बारीक अक्षरांवर दहा ओळी लिहिल्या असत्या. तेव्हा फक्त दार उघडं आहे का तेवढं बघितलं. आत पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस फोनवर कानडीत कुणाला तरी झापत होता. माझा चेहरा बघून त्यानं फोन ठेवला.

"साफ केल्यावर किती काढलास?" माझं सगळं ऐकून त्यानं एवढंच विचारलं.

"तीन."

"चौथा?"

"नाही."

"मग तोंड धू आणि बस." त्यानं कार्ड यंत्रात घातलं. "हे बघ, साफ केलं म्हंजे फोटू गेलं न्हवं. घराचं दार तेवढं पुसून टाकलंय, माणसं आतच हाईत. पर तू तीन पाव्हणी आत घातलीस, ती पयल्या खोलीत जाऊन बसली. पयल्या खोलीतली माणसं काय आता मिळत न्हाईत."

"पहिल्या खोलीत कोण होतं?"

"ते तू सांग. काल पयलांदा काय काढलंस?"

हात. भेगाळलेले हात.

पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. भरमाण्णा म्हणाला दोन-अडीच तास लागतील, आणि मला समोरच्या दुकानात कुंदा (दूध आटवून केलेली तपकिरी, दाणेदार मिठाई) खायला पाठवलं. बेळगावला येऊन कुंद्याची चव न कळणारी मी बहुधा पहिलीच. परत आले, बसले. तो ओळखपत्राचे फोटो कापत होता. मध्येच म्हणाला, "आता आलं बघ."

एकामागून एक चौकोन उमटायला लागले. नावं गेलेली, नुसते आकडे. माठाभोवतीचा घोळका. पोत्यांच्या थप्प्या. चाळणी टेकवणारी बाई. पहिल्या तीन जागी मात्र येळ्ळूरच्या गंज्या बसल्या होत्या. हात गेले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझ्या प्रदर्शनाचं पहिलं पान गेलं होतं. पण मी खालीच बघत होते, खाली, अगदी शेवटी. आणि ते दोन आले. पंधरा-सोळा बायका, फडकी सोडलेल्या, पदर सारखे केलेल्या, समोर बघणाऱ्या. पूर्ण. एक ठिपकाही कमी नाही.

मी मोठ्यानं हसले. मग पुन्हा रडले. भरमाण्णानं मान हलवली. "एकच कायतरी कर गं."

त्यानं सगळं माझ्या लॅपटॉपवर आणि डिस्कवर उतरवून दिलं. मी निवडायला बसले, आधी हौसाक्कांचा एकटीचा फोटो. सवयीप्रमाणे सावल्या गडद केल्या, रंग काढून टाकला, सुरकुत्या उठावदार केल्या. भरमाण्णा मागून येऊन उभा राहिला.

"ही बाई आजारी हाय काय?"

"नाही हो."

"मग काळी का केलीस? तू काढलास तवा अशी दिसत होती?"

मी आठवून बघितलं. छपरातून ऊन येत होतं, धूळ सोनेरी होती आणि हौसाक्का माझ्या शिंकेवर हसत होत्या. मी एकेक बदल मागे घेतला. उजेड थोडा वाढवला, धुळीचा रंग होता तसा ठेवला. मग आम्ही त्या सगळ्यांच्या फोटोच्या सोळा प्रती छापल्या, मोठ्या आकारात. कागद वाळेपर्यंत भरमाण्णा त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यातली ही डावीकडची, हिला मी वळखतो. कायतरी नातं लागतंय आमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निपाणीत हौसाक्कांच्या दारात होते. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून हात थांबला.

"आलीस व्हय!"

"आठवडा म्हणाले होते. दोन दिवसांत आले."

"म्हंजे नाव काय बदलता येत न्हाय," त्या म्हणाल्या आणि गल्लीच्या टोकाला हाक मारली. अर्ध्या तासात अंगण भरलं. फोटो हातोहात फिरले. आपण कुठे आहोत हे कुणालाच शोधावं लागलं नाही, कारण प्रत्येकजणी आपल्या रोजच्या जागेवर होती. चाळणी पुसणाऱ्या बाईनं फोटोवर बोट ठेवलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, तुझ्या मागचा खांब बी आलाय." मग दोघी बराच वेळ त्या खांबाकडेच बघत राहिल्या.

"मागं लिव सगळ्यांची नावं," हौसाक्कांनी फर्मावलं. मी सोळा प्रतींच्या पाठीवर सोळा-सोळा नावं लिहिली, रांगेच्या क्रमानं. हात दुखला. पत्रकांच्या पाठीवर लिहायची सवय होती म्हणून निभावलं.

मग मी विचारलं, की हे फोटो कॉलेजात लावू का, मोबाईलवर सगळ्यांना दिसतील असे टाकू का. दोघींनी मोबाईलला नको म्हटलं. त्या ज्यात दिसतात ते फोटो मी वेगळे काढले, आणि वखारीतला तो सगळ्यांचा फोटोही त्यांच्यात गेला. तो फक्त या सोळा घरांत राहील.

"माझं एकटीचं टाक," हौसाक्का म्हणाल्या. "पर नाव हौसाबाई लिव. हौसाक्का तुझ्यापुरती."

परतीच्या बसआधी शांताक्कांकडे गेले. बोलायचं की नाही, हे रस्ताभर ठरत नव्हतं. पण न बोलता निघणं मला कधी जमलेलं नाही. कुंद्याचा पुडा हातात दिला आणि डबी उघडून त्यांना सगळी कथा सांगितली, कुठलाही दोष न देता, निदान माझ्या मते तरी. त्यांचा हात तोंडावर गेला.

"आगं बाई! मीच सुलटं केलतं की. पालथं पडलंय म्हणून. मिळालं न्हवं सगळं?"

"मिळालं. तीन सोडून. चूक माझी आहे, मी सांगायला हवं होतं, की भरलेलं मी पालथं ठेवते."

शांताक्कांनी आधी डबीकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"भरलेलं पालथं ठेवतीस?"

"हो."

त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि मांडणी दाखवली. घासलेली, कोरडी भांडी ओळीनं पालथी. खाली पाण्यानं भरलेली कळशी, तोंड वर करून, झाकणासकट.

"ह्या घरात काय, कुठल्या बी घरात जा. भरलेलं कुणी पालथं घालतंय का गं? सांडंल की सगळं. एवढं शिकून हे कुणी शिकवलं तुला?"

तीन वर्षं मी ज्या शिस्तीचा तोरा मिरवत होते, ती जगातल्या एकाही स्वयंपाकघराला मान्य नव्हती.

कोगनोळीच्या नाक्याला बस थांबली, पाट्यांची अक्षरं पुन्हा ओळखीची झाली. मी पिशवीतून डबी काढली. येताना वाटलं होतं, नाक्यापलीकडच्या लोकांना त्यांच्या हक्कांबद्दल दोन गोष्टी सांगाव्यात. जाताना हात रिकामे होते. सोळाच्या सोळा प्रती ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे राहिल्या होत्या. असं रिकामं होऊन परतणं इतकं हलकं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

डबीत दोन कार्डं होती. एक दोन ठिकाणी उतरवून साफ केलेलं, दुसरं आधीपासूनच रिकामं; दोन्ही मी उचलली आणि पालथी घातली.